हापूसच्या पेटीवर लोगोचा क्यूआर कोड: गिऱ्हाइकाची माहिती बाहेर न जाऊ देता कसा करावा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवगडजवळ तुमची हापूसची दीडशे कलमं आहेत. यंदा दोन डझनांच्या हजारेक पुठ्ठ्याच्या पेट्या दलालाकडे न जाता थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडे जाणार आहेत. पेटीवर मध्ये बागेचा लोगो असलेला, तुमच्या रंगातला क्यूआर कोड हवा आहे. एका फुकट साइटवर तुम्ही तो केला. तिनं तुमचा मोबाइल नंबर मागितला आणि ‘कोण, कुठून, कोणत्या फोनवरून स्कॅन करतं ते दाखवू’ असं सांगितलं. आमच्या गिऱ्हाइकाची माहिती हे लोक आम्हाला दाखवणार, मग आणखी कोणाकोणाला दाखवत असतील, असं तुम्ही विचारलं आहे. शिवाय त्याच कोडाची चारशे स्टिकर छापून झाली आहेत आणि साठ पेट्यांवर लागून गेलीही आहेत.

तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर. मी पुण्यात गेली सतरा वर्षं खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचं डिझाइन आणि छपाईपर्यंतची सगळी कामं करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण कोडाचा रंग आणि लोगोचा आकार एवढंच विचारतात. स्कॅन केल्यावर गिऱ्हाईक कुठून कुठे जातं, हे विचारणारे फार थोडे. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी कामं आहेत. कोड देखणा आणि तरीही पटकन वाचला जाणारा करणं हे छपाईचं काम. स्कॅन केल्यावरची वाट आपल्या हातात ठेवणं हे दुसरं. दोन्ही एकाच साइटकडून करून घ्यायला गेलं की दुसरं काम आपण नकळत तिच्या हवाली करतो. म्हणून आधी दुसऱ्या कामाबद्दल लिहितो.

क्यूआर कोड म्हणजे मुळात काळ्या-पांढऱ्या घरांत लिहिलेला मजकूर. त्यात तुमच्या साइटचा पत्ता लिहिला असेल, तर फोन तो वाचतो आणि थेट तुमच्या साइटवर जातो. मध्ये कोणी नसतं. अशा कोडाला धंद्यात ‘स्टॅटिक’ म्हणतात. तो एकदा छापला की बदलता येत नाही, पण कधी संपतही नाही. फुकट साइट बहुतेक वेळा देतात तो ‘डायनॅमिक’ कोड. त्यात तुमचा पत्ता नसतो, त्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो. गिऱ्हाइकाचा फोन आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे नोंद होते आणि मग त्याला तुमच्या पानावर पाठवलं जातं. हे सगळं सेकंदाच्या आत घडतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

नोंदीत काय असतं? स्कॅनची वेळ, फोनचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक), फोन अँड्रॉइड आहे की आयफोन, ब्राउझर कोणता, फोनची भाषा कोणती. एवढ्यावरून नाव कळत नाही, हे खरं. पण ती कंपनी काही फक्त तुमच्यासाठी कोड करत नाही. तिनं ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे फोन पुन्हा ओळखायची छोटी खूण, ठेवली, तर त्याच फोननं हॉटेलात मेन्यूसाठी केलेलं स्कॅन, दवाखान्यातलं स्कॅन आणि तुमच्या पेटीचं स्कॅन एकमेकांना जोडता येतं. ती जोडते की नाही, हे तुम्हाला बाहेरून तपासता येत नाही. मला त्यातली अडचण एवढीच वाटते, आणि ती पुरेशी आहे: तुमच्या नावावर विश्वास ठेवून माणूस स्कॅन करतो आणि त्याची नोंद तुम्ही ओळखतही नसलेल्या कोणाच्या तरी वहीत होते.

बरं, ज्यासाठी हे सगळं द्यायचं, ती माहिती तरी कामाची असते का? मी स्वतः कणकवलीत उभं राहून केलेलं स्कॅन अहवालात मुंबईचं दिसलं आहे. मोबाइल इंटरनेटचा आयपी पत्ता अनेकदा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहराचा दिसतो. ‘आमच्याकडे मुंबईची इतकी टक्के माणसं येतात’ असा रंगीत तक्ता बघून पुढच्या हंगामाचा माल ठरवणारे मी पाहिले आहेत. तुमच्याकडे कुरिअरच्या पावत्या आहेत. कुठल्या पिनकोडला किती पेट्या गेल्या, हे त्या जास्त खरं सांगतात.

दुसरा धोका गोपनीयतेचा नाही, पण त्याच मुळातून येतो. साताऱ्याकडच्या एका महिला बचत गटाच्या भाजणी-मेतकुटाच्या पाकिटांचं काम माझ्याकडे होतं. कोड त्यांनी आधीच एका साइटवरून करून आणला होता आणि मी तो न तपासता छपाईला दिला. सहा हजार पाकिटं छापून झाली. दोन आठवड्यांनी फुकट मुदत संपली आणि कोड स्कॅन केला की भाजणीच्या पाककृतीऐवजी त्या कंपनीचं ‘पैसे भरा’ असं पान उघडू लागलं. गटानं बसून पाकिटांवर स्टिकर लावली. तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक कोड मी आधी स्कॅन करून त्यातला पत्ता वाचतो. तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा नसेल, तर काम तिथेच थांबवतो.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. आधी स्वतःचं एक छोटं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घ्या, बागेच्या नावाचं, शेवटी ‘डॉट इन’ असलेलं. वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर खर्च येतो. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डावर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या किंवा डिझायनरच्या नावावर नको. वाद झाला की डोमेन अडकतं, हे मी बरेचदा पाहिलं आहे. घेतानाच तीन-चार वर्षांचे पैसे भरा, कारण मुदत संपलेलं डोमेन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. मग तुमच्या जुन्या पेटीवरचा कोड त्याच्या पानावर जाईल आणि तो तिथे काहीही मागेल.

त्या डोमेनवर ‘पी-वन’ (p1) असं एक छोटं पान किंवा पुनर्निर्देशन, म्हणजे येणाऱ्याला आपोआप दुसऱ्या पानावर पाठवायची सोय, करायला सांगा. पेटीवरच्या कोडात हाच पत्ता छापायचा. उद्या तुम्हाला तिथे आंबा पिकवायची माहिती दाखवायची असेल, पुढच्या हंगामात नवा दर दाखवायचा असेल, तर मागची दिशा तुम्ही बदलायची. छापलेला कोड तोच राहतो. म्हणजे डायनॅमिक कोडाचा फायदा मिळतो आणि मधला माणूस जातो. करून देणाऱ्याला एक तांत्रिक गोष्ट मुद्दाम सांगा: पुनर्निर्देशन ३०२ प्रकारचं ठेवायचं, ३०१ नाही. ३०१ म्हणजे ‘कायमचं हललं’. काही ब्राउझर ते लक्षात ठेवतात आणि तुम्ही दिशा बदलली तरी जुन्या पानावरच जातात.

मोजायचं असेल तर जरूर मोजा, पण आकडे मोजा, माणसं नको. पेटीसाठी ‘पी-वन’, स्टॉलच्या फलकासाठी ‘पी-टू’, माहितीपत्रकासाठी ‘पी-थ्री’ असे वेगळे पत्ते ठेवा आणि रोज प्रत्येकावर किती वेळा कोणी आलं, एवढाच आकडा साठवा. सर्व्हर स्वतःहून आयपी पत्त्यांची नोंद ठेवतो. ती आठवड्या-दोन आठवड्यांनी पुसली जाईल अशी सोय होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. तुमच्या पानावर दुसऱ्यांच्या गोष्टी जेवढ्या कमी, तेवढं बरं. बागेचा नकाशा पानात बसवला, व्हिडिओ बसवला, समाजमाध्यमाचं ‘पिक्सेल’ (पानावर कोण आलं ते टिपणारा न दिसणारा तुकडा) बसवलं, की गिऱ्हाइकाचा फोन त्या-त्या कंपनीच्या सर्व्हरशीही बोलतो. नकाशाचा आणि व्हिडिओचा नुसता दुवा द्या. ज्याला हवा तो दाबेल.

आता कोड कुठे करायचा? साइटवर जायची गरजच नाही. तुमच्या छापखान्यात कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असणारच. गेल्या दहा वर्षांतल्या आवृत्त्यांमध्ये क्यूआर कोड घालायची सोय आहे, लोगो आणि रंगासकट. इनडिझाइनमध्येही आहे. फुकट हवं असेल तर इंकस्केपमध्ये बारकोडच्या यादीत ती मिळते, आणि लिबरऑफिसमध्ये २०२० च्या ६.४ आवृत्तीपासून आहे. एखाद्या साधनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बघायची माझी एक साधी रीत आहे. संगणकाचं इंटरनेट बंद करा आणि कोड करून बघा. झाला, तर तुमचा पत्ता आणि लोगो कुठे पाठवल्याशिवाय झाला. कोड घ्यायचा तो व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा स्पष्ट राहणाऱ्या, स्वरूपात, एसव्हीजी किंवा पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपीजी छापखान्याला देऊ नका, कडा पुसट होतात.

इथवर वाट तुमच्या ताब्यात आली. आता देखणेपणाकडे वळू. आणि इथे एक गंमतीची गोष्ट आहे: पत्ता स्वतःचा आणि छोटा ठेवला की कोडही आपोआप देखणा होतो.

कोडात जितकी अक्षरं जास्त, तितकी घरं जास्त. सगळ्यात छोटा कोड २१ बाय २१ घरांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. लोगो मध्ये बसवायचा असेल तर दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची, ‘एच’, घ्यावी लागते. चार पातळ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशा. ‘एच’ पातळीवर २९ बाय २९ घरांच्या कोडात २४ अक्षरं बसतात. ‘एचटीटीपीएस’पासूनची सुरुवात ८ अक्षरं खाते, ‘डॉट इन’ ३, शेवटचा ‘पी-वन’ तिरक्या रेघेसकट ३. उरली १०. म्हणजे बागेचं नाव रोमन लिपीत दहा अक्षरांपर्यंत ठेवलंत तर अगदी नेमकं बसतं. नाव लांब असेल तर सगळा पत्ता कॅपिटल अक्षरांत लिहा. कॅपिटल अक्षरं आणि आकडे कोडात कमी जागा घेतात, आणि त्याच आकारात ३५ अक्षरं मावतात. डोमेनला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेनंतरच्या भागाला पडू शकतो. तेव्हा सर्व्हरवर ‘पी-वन’ही कॅपिटलमध्ये चालेल असं करून घ्या.

उलट दीडशे अक्षरांचा लांबलचक दुवा त्याच पातळीवर घातलात तर ६५ बाय ६५ घरं लागतात. भोवती चारी बाजूंनी चार-चार घरांची कोरी पट्टी सोडावीच लागते. मग हिशेब करा: आपला छोटा कोड २९ अधिक ८, म्हणजे ३७ घरं. एक घर एक मिलिमीटरचं धरलं तर पावणेचार सेंटिमीटरांत काम झालं. लांब दुव्याचा कोड तेवढ्याच सुटसुटीत घरांचा हवा तर ७.३ सेंटिमीटर लागतील. पुठ्ठ्यावर एक मिलिमीटरपेक्षा बारीक घर मी छापू देत नाही. आतल्या पन्हाळीमुळे पृष्ठभाग किंचित खालीवर असतो आणि शाई पसरते.

लोगो किती मोठा? ‘तीस टक्के खराब झालं तरी चालतं’ हे ऐकून लोक तीस टक्के जागा लोगोला देतात. तसं करू नका. ती शिल्लक पेटीच्या प्रवासासाठी आहे. ओला हात लागतो, सुतळी घासते, कोपरा दबतो, शाई एखाद्या ठिकाणी उठत नाही. सगळी शिल्लक लोगोनंच खाल्ली, तर पेटी दादरला पोचेपर्यंत कोड मुका झालेला असतो. मी २९ च्या कोडात मधली नऊ बाय नऊ घरं मोकळी करतो. ८४१ घरांपैकी ८१, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. त्यातही कडेला एक घर पांढरं सोडून लोगो सात घरांत. म्हणजे तो सेंटिमीटरभरही होत नाही. तुमच्या लोगोत बागेचं पूर्ण नाव, ‘स्थापना’ आणि समुद्र आहे असं तुम्ही लिहिलंय. ते सगळं तिथे मावणार नाही. फक्त आंबा आणि पान घ्या. नाव कोडाच्या खाली ठळक अक्षरात लिहा.

कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांना हात लावू नका, असं मी नेहमी सांगतो आणि त्याचं कारणही सांगतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. कोड कुठे आहे हे यंत्राला झटकन कळावं म्हणून त्यांना अशी खूण हवी होती, जी इतर छपाईत सहसा सापडत नाही. त्यासाठी त्यांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याचे खोके असलं छापील साहित्य तपासलं आणि सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधलं: काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं, १:१:३:१:१. त्या तीन चौकोनांपैकी कुठल्याही चौकोनाच्या मध्यातून कोणत्याही दिशेनं रेघ मारा, हेच प्रमाण मिळतं. तिथे आंब्याचा आकार घातला की प्रमाण मोडतं, आणि मग काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत. कडा थोड्या गोलसर करायला हरकत नाही. उजवीकडे खालचा छोटा चौकोनही तसाच ठेवा. हारांच्या कंपनीनं पेटंट असूनही हक्क गाजवले नाहीत, म्हणून आज तुम्हाला-मला हा कोड विनामूल्य वापरता येतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. फोन रंग बघत नाही, उजेड-अंधार बघतो. गडद घरं आणि फिकी पार्श्वभूमी हवी. हापूसचा केशरी-पिवळा रंग घरांना देऊ नका, पांढऱ्यावर तो फोनला जवळजवळ दिसतच नाही. गडद हिरवा किंवा गडद तपकिरी छान वाचला जातो, आणि आंब्याच्या पानाशी जातोही. गडद पार्श्वभूमीवर पांढरी घरं असा उलटा कोड नको. तपकिरी पुठ्ठ्यावर थेट छापत असाल तर फक्त काळा वापरा, कारण पुठ्ठ्याचाच रंग अर्धा उजेड खातो. हजार पेट्यांसाठी बहुधा स्क्रीन प्रिंटिंग होईल. तसं असेल तर आधी पांढऱ्या शाईचा चौकोन मारून त्यावर गडद हिरवा, हा खर्च मला योग्य वाटतो. ऑफसेटवर छापलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवणार असाल तर प्रश्नच नाही, फक्त कोडाच्या जागी चकचकीत लॅमिनेशन टाळा.

पूर्ण हजार छापण्याआधी पाच पेट्या छापून घ्या, त्यात आंबे भरा, सुतळी बांधा, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं संध्याकाळी ओसरीवर बसून स्कॅन करा. रिकाम्या पेटीवर दुपारच्या उन्हात सगळंच स्कॅन होतं.

आता तुम्ही विचारलेल्या एका गोष्टीवर थोडं थांबतो, कारण गोपनीयतेचा खरा पेच तिथे आहे. प्रत्येक पेटीवर वेगळा क्रमांक असलेला कोड हवा, म्हणजे खोटा माल पकडता येईल, असं तुम्ही म्हणता. भीती रास्त आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावानं विकला जातो हे आपण सगळे जाणतो. सगळ्या पेट्यांवर एकच कोड असेल तर तो खरेपणा सिद्ध करत नाही. कोणीही फोटो काढून तो दुसऱ्या पेटीवर छापू शकतो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात वेगळ्या क्रमांकाची स्टिकर आणली, ती याचसाठी.

पण वेगळा क्रमांक आला की दुसरी बाजूही येते. ४१७ नंबरची पेटी कोथरूडच्या अमुक बाईंना गेली, हे तुमच्या वहीत आहे. ४१७ चा कोड रात्री साडेअकराला दुसऱ्याच शहरातून स्कॅन झाला, हे सर्व्हरवर आहे. दोन्ही जोडलं की त्या बाईंनी पेटी कोणाला भेट दिली, इथपर्यंत तुम्हाला दिसायला लागतं. तुमच्या मनात तसं काही नसेल, पण वही आणि सर्व्हर एकत्र ज्याच्या हाती पडतील त्याला ते दिसेल. हे टाळता येतं. क्रमांक ठेवा, पण पेटी पाठवताना क्रमांक गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहू नका. सर्व्हरला फक्त एवढंच माहीत असू द्या की हा क्रमांक आम्ही छापला होता आणि तो याआधी किती वेळा तपासला गेला. ‘हा क्रमांक आतापर्यंत ६३ वेळा तपासला गेला आहे’ असं गिऱ्हाइकाला दिसलं, की त्याला नक्कल कळते. आणि क्रमांक ००१, ००२ असे ओळीनं नकोत, नाहीतर पुढचा कोणीही ओळखेल. दीडशे कलमांच्या बागेला पहिल्याच वर्षी हे सगळं करायची गरज आहे का? मला वाटत नाही. तोडणीच्या तुकडीनुसार वेगळा कोड पुरेसा आहे: या आठवड्याची तोड, या तारखेपर्यंत पिकेल. गिऱ्हाइकाला त्याचा खरा उपयोग आहे आणि त्यातून कोणाचा माग निघत नाही. तुमचा माल वेगळ्या बाजारात, किंवा निर्यातीला जात असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

तुमच्या स्वतःच्या माणसांचीही माहिती असते, ती लोक विसरतात. पानावर गडी-माणसांचे फोटो नावासकट टाकायचे असतील तर त्यांना नीट विचारून टाका. सातबाऱ्याची प्रत ‘खरेपणासाठी’ टाकणारे मी पाहिले आहेत. त्यात सगळ्या सहहिस्सेदारांची नावं असतात. गाव आणि बागेचं नाव पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. कोडातच व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा छापला, तर तुमचा नंबर कायमचा पेटीवर गेला आणि नंबर बदलला की पेटी फुकट. त्यापेक्षा कोड तुमच्या पानावर न्या आणि तिथे ‘ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप’ असं बटण ठेवा, धंद्याच्या वेगळ्या नंबरचं. पानावर फॉर्म ठेवू नका. ज्याला आंबे हवेत तो स्वतः मेसेज करेल. जो नंबर ऑर्डरसाठी आला तो ऑर्डरसाठीच वापरा. पुढच्या वर्षी ‘हंगाम सुरू झाला’ असं कळवायचं असेल तर आत्ताच विचारा: ‘पुढच्या वर्षी कळवू का?’ हो म्हणाले त्यांचीच यादी ठेवा, आणि सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये घातलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी आहे, तिच्यातून प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो.

कायदाही त्याच दिशेनं चालला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. माहिती कशासाठी घेतो ते साध्या शब्दांत सांगायचं, संमती जितकी सहज घेतली तितकीच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. स्वतःहून दिलेली माहिती ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरता येते. कायद्यातलं उदाहरणच औषधाच्या दुकानाचं आहे: गिऱ्हाइकानं पावतीचा मेसेज मागून नंबर दिला, तर त्यावर पावती पाठवायची. माझ्या मते तुमच्यासारख्या बागायतदाराला यात घाबरण्यासारखं काही नाही. मुळात गोळाच कमी केलं, तर सांभाळायलाही कमीच लागतं.

पैशांचा कोड मात्र पेटीवर नकोच. यूपीआयच्या कोडात तुमचा यूपीआय पत्ता आणि नाव असतं, आणि पुष्कळांचा तो पत्ता म्हणजे मोबाइल नंबरच असतो. शिवाय छापलेल्या कोडावर दुसऱ्यानं स्वतःचा चिकटवणं फार सोपं आहे. पैसे घ्यायचे ते ऑर्डरच्या वेळी, नंबर नसलेल्या यूपीआय पत्त्यावर, बँकेनं दिलेल्या मूळ कोडानं. त्यात लोगो घालायच्या भानगडीत पडू नका. आणि पेटीवरच्या कोडाखाली तुमच्या साइटचा पत्ता वाचता येईल असा छापा. म्हणजे फोनवर वेगळाच पत्ता दिसला तर गिऱ्हाइकाला शंका येईल.

राहिली ती चारशे स्टिकर. आधी स्वतः स्कॅन करा, पण दुवा उघडू नका. फोनवर पत्ता दिसतो, तो वाचा. तो त्या साइटचा असेल, आणि तुम्ही सांगता त्यावरून तसाच असणार, तर उरलेली तीनशेचाळीस वापरू नका. जी साठ गेली आहेत त्यांच्यासाठी खातं लगेच बंदही करू नका, नाहीतर त्या गिऱ्हाइकांना कोऱ्या पानावर नेल्यासारखं होईल. खात्यात जाऊन दिशा तुमच्या नव्या पानावर वळवा, स्कॅनची नोंद किंवा लोकेशन बंद करायची सोय असेल तर बंद करा, आणि मुदत कधी संपते ते बघून ठेवा. त्या पेट्यांतले आंबे पिकून संपायला दोन-तीन आठवडे धरा. त्यानंतर खातं काढून टाका आणि तुमची व स्कॅनची माहिती पुसायला ईमेलनं लेखी कळवा. ज्या रिकाम्या पेट्यांवर जुनी स्टिकर आधीच लावून ठेवली असतील, त्यांच्यावर नवं लावता येईल. ते ४५ मिलिमीटरचं काढा, म्हणजे ३७ चा कोड कोऱ्या पट्टीसकट बसून जुन्याच्या कडाही झाकल्या जातील. कागद अपारदर्शक मागा. पातळ कागदातून खालच्या कोडाची काळी घरं वर उमटतात आणि मग दोन्हीपैकी एकही वाचला जात नाही.